एका माणसाचे कुटुंब

तंजावूर, १२ जानेवारी १९९४

तीर्थस्वरूप अक्का,
आपल्या चरणी यशवंताचा नमस्कार.

प्रकृती ठीक आहे, काळजी नसावी. आपले गुडघे कसे आहेत?

श्रीलंकेच्या निर्वासितांना मदत नीट पोचते का, याची पाहणी मी छावणीत करतो. आमच्या तक्त्यात कुटुंब दोन माणसांपासून सुरू होई. म्हणून एकट्या कामाक्षीअम्मांचा शिधा शेजाऱ्यांच्या कार्डावर येई.

दुभाषी भरद्वाजांकरवी त्यांनी मला विचारले, "तुमच्या घरी किती जण?"

"मी एकटाच."

"मग तुमचं कार्ड शेजाऱ्याकडे असतं का?"

त्याच दिवशी मी तक्त्यात दुरुस्ती सुचवली, की एकट्या माणसालाही कुटुंब धरून वेगळे कार्ड द्यावे. परवा ती मंजूर झाली. काल अम्मांनी स्वतःच्या चुलीवर भात शिजवून मला जेवू घातले. आपली भावजय कुमुद गेल्यापासून प्रथमच मी दुसऱ्यांदा वाढून घेतले.

आपला आज्ञाधारक बंधू,
यशवंत