डबा सणालाच उघडणे

४ ऑक्टोबर, सकाळी ८.३०
पार्सल आलं. आईच्या हातच्या वड्या. स्टीलचा डबा, चारी बाजूंनी चिकटपट्टी, वर चिठ्ठी: 'एकूण चोवीस. सणालाच उघडणे. अर्ध्या घरमालकीणबाईंना देणे.' सण चौदाला. म्हणजे फक्त दहा दिवस. परदेशात एकट्याने राहून माझ्या अंगात जबरदस्त शिस्त भिनली आहे. डबा कपाटावर ठेवला. विषय संपला.

बाईंना द्यायलाच हव्यात. एका सेमिस्टरपुरता आलेला एक्सचेंज स्टुडंट मी, आल्या आल्या तापाने फणफणलो, तर या बाईंनी चार दिवस सूप करून घातलं. तेव्हापासून आईचं एकच पालुपद, त्या माउलीच्या तोंडी माझ्या हातचं काहीतरी पडू दे.

त्याच दिवशी, दुपारी १
कस्टमवाल्यांनी डबा उघडून बघितलाच असणार. म्हणजे सील तांत्रिकदृष्ट्या तुटलेलंच आहे. शिवाय वड्या चांगल्या आहेत का हे न तपासता म्हाताऱ्या बाईंना देणं म्हणजे शुद्ध बेजबाबदारपणा. एक खाल्ली. चांगली आहे.

स्वयंपाकघरात उभ्या उभ्या खात होतो, तेवढ्यात बाई आल्या. माझा गाल फुगलेला. काहीतरी करणं भाग होतं, म्हणून एक वडी त्यांच्या हातावर ठेवली आणि सांगितलं, की ही आमच्या सणाची, चौदा तारखेच्या आधी खायची नसते, आईचा कडक नियम आहे. त्यांची भाषा मला मोडकीतोडकीच येते, पण नियम पोचला असावा. बाईंनी गंभीरपणे मान हलवली. बघत मात्र माझ्या गालाकडे होत्या.

५ ऑक्टोबर
एका नमुन्यावरून निष्कर्ष काढणं शास्त्रीय नाही. स्टॅटिस्टिक्सच्या सरांनी कालच सांगितलं. आणखी तीन नमुने तपासले.

७ ऑक्टोबर
प्रेझेंटेशन आपटलं. सर म्हणाले, तयारी दिसत नाही. फार लागलं मनाला. घरचं माणूस जवळ असतं तर पाठीवरून हात फिरवला असता. चार खाल्ल्या. पंधरा उरल्या: बाईंच्या बारा, माझ्या तीन. अजून सगळं काबूत आहे.

संध्याकाळी आईचा फोन. डबा उघडला नाहीस ना, विचारलं. म्हटलं, हातसुद्धा लावला नाही. म्हणाली, शहाणा गं माझा बाळ तो. मनगट फार दुखतंय म्हणत होती. मी म्हटलं, बाम लाव. फोन ठेवल्यावर जरा कसंतरी वाटलं. एक खाल्ली.

८ ऑक्टोबर
बाईंच्या कॅलेंडरवर चौदा तारखेभोवती लाल गोल केलेला दिसला. दातांच्या डॉक्टरकडे जायचं असणार. दात दुखणाऱ्या माणसाला बारा वड्या? आईला काय, ती प्रेमापोटी लिहिते. इथली जबाबदारी माझी आहे. बाईंना सहा पुष्कळ झाल्या.

१० ऑक्टोबर
तीन उरल्या. कशा, ते कळत नाही. शेजारच्या खोलीत एक लांबुडका विद्यार्थी राहतो, मी त्याला उंट म्हणतो. त्याच्यावर संशय आहे. गोड आवडत नाही असं तो सांगतो, पण सांगायला काय जातंय. डबा कपाटात घालून कुलूप लावलं. किल्ली खिशात.

११ ऑक्टोबर, सकाळी १०
उंट निर्दोष आहे. दोन दिवस तो गावाला गेला होता.

डबा रिकामा आहे.

सकाळी दार उघडलं तर बाहेर माझे मोजे, धुऊन, वाळवून, जोड्या लावून ठेवलेले. मी बाईंना मोजे धुवा असं कधी म्हटलं नव्हतं. त्या जोड्या उचलून आत आणल्या. त्यांच्या बाराच्या बारा मी गिळल्या. नालायक आहे मी. इथे कोण वाचणार आहे, म्हणून लिहितो.

पण खचून चालणार नाही. उद्या वड्या स्वतः करायच्या. आई बघून बघून शिकली, मी तर होऊ घातलेला इंजिनिअर आहे.

१२ ऑक्टोबर
ताईला मेसेज करून सहज कृती विचारली. तिने उलट विचारलं, संपवल्यास ना? म्हटलं, छे, केवळ कुतूहल. म्हणाली, गाढवा, निदान त्या बाईंच्या तरी ठेवायच्यास. तरी कृती पाठवली. आणखी काहीतरी टाइप करत होती, मग थांबली.

पाक एकतारी व्हायला हवा होता. तो एकदम काळाच झाला. घरभर धूर. बाईंनी खिडक्या उघडल्या, मला बाहेर बसवलं आणि त्यांचं चांगलं पातेलं तासभर घासत बसल्या. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तयार झालेली वडी सुरीने कापली जात नाही. उंटाने ती दाराला अडसर म्हणून मागून नेली.

१३ ऑक्टोबर
प्लॅन तीन. कोपऱ्यावरच्या बेकरीतून चौकोनी बिस्किटं आणली. डब्यात नीट रचली. लांबून, कमी उजेडात, डोळे बारीक केले तर वड्याच वाटतात. आईचा चष्मा जुना आहे, नेटवर्कही बेताचंच. बाईंनी मूळ वडी तर केव्हाच खाल्ली असणार, चव कुठली आठवतेय. उद्या सगळं सुरळीत होईल. त्यानंतर जन्मात खोटं बोलणार नाही.

१४ ऑक्टोबर, दुपारी ४
व्हिडिओ कॉल झाला. आई, बाबा, ताई, तिघं नवे कपडे घालून दाटीवाटीने बसलेले. बाबा म्हणाले, डबा दाखव. मी लांबून दाखवला. म्हणाले, जवळ आण रे, खायला नाही तर नाही, बघू तरी दे, यंदा घरी केल्याच नाहीत.

मी विचारलं, का? आई काहीतरी दुसरंच बोलायला लागली. मग ताईने सांगितलं, की आईच्या मनगटाला डॉक्टरांनी पट्टा बांधलाय, तेवढा एक डबा झाला आणि हात चालेना. आई तिच्यावर डाफरली, सणासुदीचं कशाला सांगतेस त्याला. मला म्हणाली, तू खा, आम्ही बघतो.

खरं सांगायची हीच वेळ होती. मी बिस्किट उचललं.

तेवढ्यात दार वाजलं. बाई. ठेवणीतला निळा कोट, कानात मोती, केस नीट बसवलेले. मी बोलावलं नव्हतं. हातात बशी, बशीवर इस्त्रीचा रुमाल. रुमाल काढला तर खाली वडी. मी चार तारखेला दिलेली. दहा दिवस त्यांनी तिचा कणसुद्धा मोडला नव्हता. आईचा नियम मीच तर सांगितला होता. तो लाल गोल दातांचा नव्हता.

आई ओरडली, अहो बघा, माझीच वडी! आणि पट्ट्यासकट दोन्ही हात जोडले. बाईंनीही तसेच जोडले. आईने मला विचारलं, बाकीच्या दिल्यास ना रे त्यांना? मी म्हटलं, हो. बाईंनी माझ्या डब्यात एकदा डोकावून बघितलं, हळूच झाकण लावलं आणि डबा कॅमेऱ्यासमोरून बाजूला ठेवला.

मग सुरीने वडीचे दोन तुकडे केले. तुकडे सारखे झाले नाहीत. मोठा माझ्यापुढे धरला.

मी तोही खाल्ला.