मांडवातल्या शिव्यांचा मुकदमा

वैशाख, शुक्रवार, दिवेलागण

लग्नात गाण्यातून शिव्या द्यायची रीत मी काढली का? विहीणबाईनं मला भर मांडवात चोरटी म्हटलं, मी हसले. मंग मी नवरदेवाच्या मामाला लाचखाऊ म्हटलं, तर त्याला कायदा आठवला! पोलिसात अमीन, म्हंजे फौजदार, हाये ना. म्हणतो, हाकिमाची बेअब्रू केली. सोमवारी चावडीवर माफी माग, न्हाईतर मुकदमा करतो. मंग मला चोरटी म्हटलेलं कोणत्या कायद्यात बसतं?

मालक म्हणतात, "तोंड आवर अन् माफी जल्दी माग." मुकदम्याला भेत न्हाई मी. पण माझी पोरगी आता विहीणबाईच्या घरात हाये. मांडवपरतणीला माहेरी धाडली न्हाई. जेवू तरी घालतात का तिला?

विहीणबाईला निरोप देते: माफी मागते, बिलकुल मागते. पण पोरगी धाडता का न्हाई, ते सोमवारच्या आत सांगा.