लिलावाचा सातवा नियम

३ फेब्रुवारी, मंगळवार

आजपासून ऑफिसात ‘वर्चस्व’ हा शब्द बंद! वकीलसाहेबांनी सगळ्यांना मीटिंगरूममध्ये कोंबून यादीच वाचली. ‘स्पर्धक’ लिहायचं नाही, ‘बाजार’ लिहायचं नाही, आणि प्रत्येक मेलची प्रत त्यांना ठेवायची. वकिलाला प्रत गेली की मेल गोपनीय ठरतो म्हणे. हे तर आम्ही चार वर्षं करतोच आहोत. ‘दहा मिनिटं उशीर होईल’ हेसुद्धा वकिलाला कळवून झालंय.

स्पर्धा आयोगाने चौकशी लावलीय. आरोप असा, की लोकांच्या साइटवरच्या जाहिरातींच्या जागांचा लिलावही आम्हीच चालवतो आणि त्यात बोलीही आम्हीच लावतो. खरंच आहे ते.

५ फेब्रुवारी

तक्रारदारांची यादी आली. अकरा जण. चौथं नाव दादाचं — त्याच्या बातम्यांच्या साइटच्या वतीने.

माझं आडनाव लग्नानंतर बदललेलं, त्यामुळे इथे कुणाला पत्ता नाही. मी या कंपनीत आहे हे दादाला माहीत आहे. नेमकं काय करते ते मी कधी धड सांगितलं नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

दादाकडे जेवायला गेले. त्याच्याकडे एकच बातमीदार, त्यालाही महिनाअखेरीस काढणार म्हणाला. “वाचक वाढतायत गं चिमे, मग जाहिराती मातीमोल का जातात? तुमच्या लिलावावर तक्रार केलीय खरी, पण माझंच काहीतरी चुकत असेल.”

वहिनी म्हणाली, “वन्सं, तुम्ही त्यातल्या. सांगा ना ह्यांना.”

मी सांगितलं — फोटो लहान कर, साइट उघडायला वेळ लागतो. तो कागद घेऊन लिहून घ्यायला लागला. मला इतकी लाज वाटली की ताट तसंच ठेवून उठले.

खरं कारण आमच्या लिलावाचा सातवा नियम. बाकीच्यांच्या बोल्या आधी उघडून बघायच्या, मग आमची नखभर वर लावायची. हळूहळू बाकीचे यायचेच बंद होतात आणि दादाच्या पानावरची जागा आम्हाला फुकटात पडते. नियम मी लिहिलाय. शाबासकीही घेतली.

११ फेब्रुवारी

माझा तीन वर्षांपूर्वीचा मेल आयोगाला सापडला. ‘आधी सगळ्यांचं बघू, मग आपलं लावू. कळतंय कुणाला!’ एवढ्या एकाच मेलची प्रत वकिलाला जायची राहिली होती. मंगळवारी साक्ष.

वकीलसाहेब म्हणाले, “‘आठवत नाही’ म्हणजे खोटं बोलणं नव्हे. माणूस विसरतोच.”

नाही. खरं सांगणार. दादाची साइट तेवढ्यानेच वाचेल.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आठवत नाही. एकोणीस वेळा म्हणाले! आयोगाच्या बाई शांतपणे टिपून घेत होत्या. भित्री आहे मी, दुसरं काही नाही.

बाहेर आल्यावर कळलं, जबाबाची प्रत सगळ्या तक्रारदारांना जाते. माझ्या नावासकट, त्या मेलसकट.

२० फेब्रुवारी

दादा अचानक आला. स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त केला, चहा प्यायला. जाताना डोक्यावर टपली मारून म्हणाला, “जेवत जा वेळेवर.” जबाबाबद्दल अवाक्षर नाही. अजून पोचला नसावा. सुटले!

२४ फेब्रुवारी

वकीलसाहेबांनी एक अर्ज माझ्या टेबलावर ठेवला. ज्याच्या आकड्यांवर सगळं प्रकरण उभं होतं, त्या चौथ्या तक्रारदाराने तक्रार मागे घेतलीय. तारीख एकोणीसची. कारणाच्या रकान्यात दादाचं अक्षर — ‘साक्षीदार माझी धाकटी बहीण आहे.’