एका हातानं उघडणारा चाकू

३ एप्रिल
आज कंडक्टरनं ओठ कापून घेतला. माहा नवरा. यष्टीतून रिटायर होऊन गंज वर्षं झाली, मी अजून कंडक्टरच म्हणते. लकव्यानंतर डावा हात नुसता मांडीवर पडून असते, अन् तो जुना घडीचा चाकू उघडाले दोन हात लागते. एका हातानं मूठ धरा, दुसऱ्याच्या नखानं पातं ओढा. मग यायनं काय करावं? दातानं ओढलं. बनियनभर रक्त. वरून मलेच, "ओरडू नको. कैरी कापून राह्यलो होतो."
चाकू तांदळाच्या डब्यात लपवला.

४ एप्रिल
कैरी मीच कापली, तिखटमीठ लावून समोर ठेवली. हात नाई लावला. लकवा झाल्यापासून हेच चालू आहे. दुसऱ्यानं कापलेलं फळ खातच नाई हा माणूस. जन्मभर यायनं कापून देलं अन् बाकीच्यायनं खाल्लं. आता ताटलीतल्या फोडी पाहून तोंड फिरवते. पपई सडली, फेकली. डॉक्टर म्हणते फळं पाहिजेच. मले राग येते अन् रडूही येते, दोन्ही एकाच वेळी.

९ एप्रिल
माधुरीचा नागपूरहून फोन. पोरीले ओठाचं सांगतलं. "थांब आई, मी पाहते काहीतरी." नोकरी लागल्यापासून हिले सगळ्यावर काहीतरी विकत घ्यायचंच सुचते.

१७ एप्रिल
पार्सल आलं. आत चाकू! घडीचाच, पण बाहेरदेशचा. पात्याले बारीकशी बोंडी आहे, ती अंगठ्यानं ढकलली का उघडते. किंमत विचारली त पोट्टी हसून टाळते. तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगतली. अवो बाप्पा! दोन बकऱ्या आल्या असत्या. दुधाच्या.
तिकडं सूरजागडच्या खाणीतलं लोखंड ट्रकमागं ट्रक जाऊन राह्यलं, अन् आपण चाकू मागवतो समुद्रापारून.
कंडक्टरनं हातात घेतला, उलटसुलट करून पाह्यला, खोक्यात ठेवून देला.
"दागिना आहे हा. तुह्या गळ्यात घाल."

१८ एप्रिल
जुना चाकू डब्यातून काढून तेल लावलं. टोकाजवळचा काळा डाग तसाच. आमच्या लग्नातला आहे तो. हळद लागल्यावर नवरदेवाच्या हातात कट्यार लागते, टोकाले लिंबू टोचून. वरात आमच्या दारात, चामोर्शीले, अन् कट्यार राह्यली यायच्या घरी! म्हातारे एकमेकांवर ओरडून राह्यले. नवरदेवानं गुपचूप खिशातून हा चाकू काढला, त्यालेच लिंबू टोचलं, झाला उभा. घडीच्या चाकूले अटकण नाई, सैल सोडला का मिटते. मंगलाष्टकं सरेपर्यंत बिचाऱ्यानं पातं अंगठ्यानं दाबून धरलं होतं. अंतरपाटाखालून मले तेवढंच दिसत होतं, यायचा तो पांढराफटक पडलेला अंगठा. चेहरा नंतर पाह्यला.
लिंबाच्या रसाचा डाग. किती घासला, किती धार लावली, गेला नाई. बरं झालं नाई गेला.
मुद्दाम नवा चाकूही लिंबावर चालवून पाह्यला. पुसला अन् लखलखीत. काहीच राह्यलं नाई त्याच्यावर. इतके पैसे देऊन हेच?

२१ एप्रिल
हे पुतण्यासंग जिल्ह्याच्या दवाखान्यात गेले. घरी मी एकटी. डावा हात पदरानं कमरेशी बांधला, दाराले कडी लावली अन् बसली नवा चाकू घेऊन. कोणी पाह्यलं असतं त म्हणले असते मास्तरीण येडी झाली. अंगठा घसरे. पुन्हा घसरे. मग एकदम कट्! उघडला. अन् पातं जागच्या जागी पक्कं. हालत नाई, मिटत नाई. अंगठा दाबून धराचं कामच नाई.
मले तो लग्नातला अंगठा आठवला. बसल्या जागी रडली.
बंद कराले मात्र जमलं नाई. पदर सोडून दोन्ही हातानं केला. यायले काही सांगतलं नाई. चाकू पानाच्या डब्याजवळ ठेवला, खाटेवरून यायचा हात पुरते तिथी.

२८ एप्रिल
चाकू तिथीच. वर धूळ. मी बोलत नाई, बोलली त मुद्दाम हात लावणार नाई, ओळखते मी. माधुरी फोनवर, "बाबा वापरते का गं?"
म्हटलं, दोन्ही बकऱ्या बसून राह्यल्या खाटेजवळ.

२ मे
अंगणातून आवाज. कट्. थोड्या वेळानं पुन्हा, कट्. मी भाजी निवडत राह्यली. मान वर नाई केली.

६ मे
बाजारात बंगाली दादाजवळून टरबूज घेतलं. कापलं नाई. हलू नये म्हणून चुंबळीवर बसवलं, यायच्या समोर ठेवलं अन् आत निघून गेली. चुलीजवळ नुसती उभी.
लग्नानंतर माही नवीन नोकरी होती, तेव्हाचं आठवलं. यायच्याच गाडीनं शाळेत जाई. आलापल्लीच्या जंगलात टायर पंक्चर, गाडीत सगळे घामाघूम. यायनं टपावरून स्वतःसाठी घेतलेलं टरबूज उतरवलं, त्याच चाकूनं कापून गाडीभर वाटलं. मधला गोड भाग माह्यापुढं. "घ्या मास्तरीणबाई, याचं तिकीट नाई लागत." लाजून मरून गेली मी. बियाही गिळल्या.
"इकडं ये जरा." बाहेरून यायची हाक.
गेली. टरबूज कापलेलं. फोडी वाकड्यातिकड्या, लुंगी पार भिजलेली. मधला तुकडा वेगळा काढलेला.
"हा तुहा."
मी खाल्ला. यायनंही खाल्लं, स्वतःच्या हातानं कापलेलं, पाच महिन्यांत पह्यल्यांदा. मग उघडा चाकू माह्यापुढं धरला. "बंद कर. हे नाई जमत मले."
केला.

१२ मे
रोज आंबा. कंडक्टर कापते, चाकू मी बंद करते. बंद करता करता दोन गोष्टी होतात, कधी जुन्या गाडीच्या, कधी माह्या शाळेच्या. लकव्यानंतर इतके बोलले नव्हते. माधुरी विचारते, "आई, पैसे वसूल झाले का?"
म्हटलं, एक बकरी वसूल झाली. दुसरीचं पाहू.

१९ मे
आज खिडकीतून दिसलं. आंबा कापून झाला. यायनं चाकू लुंगीले पुसला, मांडीवर टेकवला, अंगठ्यानं अटकण दाबली, पातं मांडीवर रेटलं अन् मिटवला. अलगद. एकाच हातानं. चार दिवसांचा सराव दिसला त्यात, आजचा नाई.
मग इकडंतिकडं पाह्यलं. अन् पुन्हा उघडला. कट्.
"अवो, चाकू बंद कराले ये!"
"आली जी," म्हटलं. हात पुसत गेली, बाजूले बसली.