तीन ट्रे आणि मेट्रनबाईंचा अर्ज

३ जून, सोमवार
हॉस्पिटल मॅनेजमेंटचं पाच दिवसांचं ट्रेनिंग झालं. आता मी नुसता डॉक्टर नाही, मॅनेजर अधीक्षक आहे. सर्टिफिकेट खुर्चीमागे लावलं. खिळा मेट्रनबाईंनी शोधून दिला. टेबलावर तीन ट्रे मांडले: तातडीचे, महत्त्वाचे, इतर.

४ जून
मेट्रनबाईंची बदली आली. सहा तास लांब. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. ‘यांच्याशिवाय इथलं काम अडेल’ एवढं पत्र मी वीस तारखेच्या आत वर पाठवलं तर बदली थांबेल, म्हणाल्या. लगेच हो म्हटलं. अर्ज ‘महत्त्वाचे’मध्ये ठेवला. तातडीचा नाही, सोळा दिवस आहेत.

७ जून
बाळंतिणींच्या वॉर्डात सलाईन संपलं. मेट्रनबाईंनी ओळखीत फोन करून दुसऱ्या हॉस्पिटलातून मागवलं. त्यांना समज दिली, प्रोसेस सोडून काम करायचं नाही. बरं म्हणाल्या. कॉम्प्युटरवरच्या डॅशबोर्डवर सलाईनचा चौकोन ‘काम पूर्ण’ म्हणून हिरवा केला.

१२ जून
पत्राला बसलो. अडचण अशी, की चांगली संस्था एका माणसावर अवलंबून नसते, असं ट्रेनिंगमध्ये सांगितलंय. ‘काम अडेल’ लिहिलं तर माझंच मॅनेजमेंट कच्चं ठरतं. शब्द बदलून बघतोय. बायको म्हणाली, दोन ओळींना आठवडा लागतो का? तिला यातलं कळत नाही.

१८ जून
ट्रेनर एकवीसला पाहणीला येणार. ट्रे ओसंडून वाहतायत. उद्या ‘झीरो पेंडन्सी डे’, एकही कागद बाकी ठेवायचा नाही!

१९ जून, दुपारी १
चाळीस मिनिटांत एकशे बारा सह्या. हेडक्लार्क मध्येच अडखळला, म्हणाला, साहेब, एवढा कागद वाचून घ्या. म्हटलं, थांबलो की लय जाते. तिन्ही ट्रे रिकामे. फोटो काढला.

२० जून
हेडक्लार्क वाचा म्हणाला तो कागद मेट्रनबाईंना बदलीसाठी कार्यमुक्त करण्याचा होता. पत्र अजून ड्रॉवरमध्येच. सही रद्द करता येते का, विचारलं. हेडक्लार्क म्हणाला, कालच वर गेली. मेट्रनबाई म्हणाल्या, असू द्या सर. तेवीस किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. कुठली कशाची ते सांगत होत्या, मी मान हलवत होतो. मला काहीच वाटलं नाही. रडू येईल असं वाटलं होतं, तेही आलं नाही.

२१ जून, सकाळी ११
ट्रेनरला रिकामे ट्रे फार आवडले. तेवढ्यात बाळंतिणींच्या वॉर्डातली सिस्टर धावत आली. एकीचा रक्तस्राव थांबत नव्हता, इंजेक्शन कुलपात. नऊ किल्ल्या लावून पाहिल्या. शेवटी मेट्रनबाईंना फोन लावला. त्या बसमध्ये होत्या. निळा दोरा बांधलेली, म्हणाल्या. कपाट उघडलं. बाई वाचली.

फोन ठेवण्याआधी त्यांनी विचारलं, ते पत्र लिहिलंच नव्हतं का, सर?

ड्राफ्ट तयार आहे, असं सांगितलं.