सगळ्यात लहान माप

१ जुलै, मंगळवार
कुसुमताई पायरीवरून घसरल्या. उजवा हात मोडला. चारुलताबाईंनी मधल्या सुट्टीत बोलावून सांगितलं – आठवीच्या मुलींचं शिवणकाम आणि आरोग्य, ताई येईपर्यंत दोन्ही तास मी घ्यायचे. त्या मुख्याध्यापिका, मी वर्षभरापुरती घेतलेली चित्रकलेची बाई. हो म्हटलं. शिवता येतं मला, आईनं शिकवलंय.
मग ताईंचं कपाट उघडून पाहिलं, आठवीला काय असतं ते.
झबलं.
कपाट बंद केलं.

३ जुलै, गुरुवार
जेवताना सारंगला सांगितलं, शिवणाचे तास मिळाले. "बरं झालं, मन रमेल," म्हणाला. काय शिवायचं ते त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पुण्यात असताना हा माणूस भाजी चिरता चिरता अख्खा दिवस सांगायचा. आता इथे हैदराबादेत आम्ही पाण्याच्या टँकरबद्दल बोलतो. त्याच्या शिफ्टबद्दल. कोण घरी थांबणार, गॅसवाला येणार आहे.

७ जुलै, सोमवार
आरोग्याचा तास. धडा – तान्ह्या बाळाची काळजी. ताईंची एक मोठी प्लास्टिकची बाहुली आहे, एक डोळा मिटतच नाही तिचा. मी पुस्तकातली आकृती फळ्यावर काढायला घेतली, तर मुली म्हणाल्या, ताई करून दाखवतात.
करून दाखवलं. एक हात मानेखाली, एक कमरेखाली. मान सोडायची नाही.
अपर्णा पहिल्या बाकावर बसते, तोंडाळ आहे. "मॅडम, तुमको कित्ते बच्चे?" मग मला कळलं नसेल म्हणून मराठीत – "तुम्हाला मुलं किती?"
नाहीत, म्हटलं.
हे खरं की खोटं, तेच मला कळत नाही. गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी, आठव्या महिन्यात ठोके थांबले. ऑपरेशन करावं लागलं. शुद्धीवर आले तेव्हा उशाशी सासूबाई. "पाहू नकोस. पाहिलंस तर विसरणं अवघड." मी ऐकलं! मुलगी होती, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं. बाकीचं सासऱ्यांनी उरकलं. सारंगनंही पाहिलं नसणार – मी कधी विचारलं नाही, तो कधी बोलला नाही.
कुणीच न पाहिलेली मुलगी. तिला कुठे मोजायचं?

८ जुलै
शाळेत गेले नाही. डोकं दुखतंय असं कळवलं.

१० जुलै, गुरुवार
कुसुमताईंकडे गेले, नामपल्लीला. हे तास मला जमणार नाहीत, एवढंच सांगायचं होतं. पण कारण सांगायला तोंड उघडलं आणि सगळंच बाहेर पडलं. हैदराबादेत आल्यापासून कुणापाशी बोलले नव्हते.
ताईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. पुढच्या वेळी होईल, अजून वय आहे, देवाची इच्छा – यातलं काहीच म्हणाल्या नाहीत. डाव्या हातानं चहा ओतला, बशीत निम्मा सांडला. म्हणाल्या, "झबलं नको शिकवूस मग. रुमाल शिकव. मी सांगते चारुलताला."
मग थोड्या वेळानं, "नाव काय ठिवलतं तिचं?"
हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. ठेवलं नव्हतं, म्हटलं. तिथेच रडले, त्यांच्या प्लास्टरवर डोकं ठेवून. त्यांना दुखलं असणार.
निघताना मीच म्हटलं, झबलंच शिकवते.

१८ जुलै, शुक्रवार
बेगम बाजारातून रिळं आणि नाड्या आणल्या. कापायला सुरुवात. अश्विनीनं दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या आणि वर म्हणते, "चलता ना मॅडम?" हसले. शाळेत पहिल्यांदाच.

२६ जुलै, शनिवार
मुलींनी शिवलेली झबली ताई दर वर्षी सरकारी दवाखान्यात देतात, बाळंतिणींच्या वॉर्डात. या वर्षी मी आणि चार मुली. दारातूनच परतावंसं वाटलं. तोच वास. पण अपर्णानं पिशवीचा एक बंद धरला होता, दुसरा माझ्या हातात.
सिस्टरनं झबली एकेक उलगडून पाहिली, खूश झाली. मग तेलुगूत काही विचारलं – "इंका चिन्नवि लेवा?" अपर्णा म्हणाली, अजून लहान नाहीत का, विचारतायत.
मुली पुढे व्हरांड्यात गेल्यावर सिस्टर माझ्याशी हिंदीत बोलली. वेळेआधी जन्मलेल्यांना ही फार मोठी होतात. आणि जी जगत नाहीत, त्यांना तर मापाचं काही मिळतच नाही. "हम उनको ऐसेच नहीं देते, मॅडम. कपड़ा पहना के देते. माँ को लगना, मेरा बच्चा था."
किती लहान हवं, विचारलं. तिनं दोन्ही हात हवेत धरून अंतर दाखवलं.
रिक्षात मुली बडबडत होत्या. मी ते अंतर मांडीवर धरून बसले होते.

२७ जुलै, रविवार
सारंग त्याच्या मित्राकडे. नमुन्याचा कागद चारी बाजूंनी आत घेतला, पुन्हा घेतला. पांढरी मलमल. मशीन नको वाटलं, हातानंच शिवलं. शिवताना रडू आलं नाही. नाड्या लावल्यावर आलं. जेवणाच्या टेबलावरच ठेवून झोपले.

२८ जुलै
सकाळी सारंग टेबलापाशी उभा. झबलं त्याच्या हातावर. दवाखान्यातल्या बाळांसाठी आहे, सांगितलं, जी वेळेआधी होतात, जी जात नाहीत घरी. त्यानं बाही बोटांनी सरळ केली.
"बाह्या थोड्या लांब कर," म्हणाला. "तिचे हात लांब होते."