काउंटरवरचं हसू

सोमवार, ३ फेब्रुवारी

म्हणे मी हसत नाही! बावीस वर्षं बोडो विमानतळाच्या या काउंटरवर उभी आहे, एकाची बॅग चुकीच्या विमानात गेलेली नाही. आज सिलियेनं केबिनमध्ये बसवून दुसरं ताकीदपत्र हातात ठेवलं. ऑस्लोहून आलेली आमची साहेबीण, वय तीस. बोलते इतकं मऊ की जास्तच झोंबतं. "काम चोख आहे, गुनवोर. वृत्ती बरोबर नाही."

गुन्हे दोन. तोंड आंबट असतं, आणि दार बंद झाल्यावरही उशिरा आलेल्याला आत सोडते. सोडते! बेटांवरची माणसं, सगळी तोंडओळखीची. खाली विमानापाशी अर्नुल्फला फोन करायचा – थांब रे दोन मिनिटं, मास्तरीणबाई येताहेत. इथे सगळे असंच करत आले.

तिसरं पत्र आलं की घरी. चौपन्नाव्या वर्षी मला कोण ठेवून घेणार?

मंगळवार, ४ फेब्रुवारी

मुख्य कचेरी एक खोटा प्रवासी पाठवणार आहे. पंधरा दिवसांत, कधीही. आम्हाला न सांगता पारखणार आणि दहापैकी गुण देणार. आठच्या खाली गेले की माझं संपलं.

आरशासमोर हसून पाहिलं. दाढ दुखतेय असं दिसतं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

जो तो मला तोच वाटतो. एकाला खिडकीजवळची जागा देताना इतकी हसले की तो बिचारा मागे सरकला.

अर्नुल्फ डबा खाताना सांगत होता, गेल्या वर्षी दुसऱ्या गावी खोटा प्रवासी रडतच आला. आई शेवटच्या घटका मोजतेय म्हणाला. काउंटरवरच्या पोरीला दया आली, तिनं दार उघडलं. नोकरी गेली. "रडणारा आला की समज, तोच."

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आला! आज आला!

ऐंशीचा म्हातारा, हातात हॉस्पिटलची पिशवी, एका डोळ्यावर पट्टी. पट्टीसुद्धा! र्‍योस्ट बेटाचं शेवटचं विमान, दार बंद होऊन तीन मिनिटं झालेली. बस बर्फात अडकली म्हणाला. बायको, ओड्नी, बेटावरच्या वृद्धाश्रमात आहे. सकाळी तिथून फोन आला, आजचा दिवस काढेलसं वाटत नाही. वादळामुळे बोटही बंद. सांगता सांगता रडायला लागला.

"ते बघ पोरी, अजून उभंच आहे."

काचेतून विमान दिसत होतं. पंखे फिरायला लागले नव्हते. फोन माझ्या हाताशी होता.

मी हसले. मान जराशी कलती, आवाजात मध. तुमची अडचण मी समजू शकते, पण नियम सगळ्यांच्याच सुरक्षिततेसाठी आहे, वगैरे. सकाळच्या पहिल्या विमानाचं तिकीट करून दिलं, वर कॉफीचं कूपन. विमान उडेपर्यंत तो काउंटर धरून उभा होता. मग चक्क माझे आभार मानून गेला.

जमलं एकदाचं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

दहापैकी दहा. सिलियेनं केक आणला आणि सगळ्यांसमोर अहवाल वाचला. खोटी प्रवासी म्हणजे लाल टोपीवाली एक बाई. तिनं लिहिलंय – माझ्या पुढच्या व्याकूळ वृद्ध प्रवाशाशी कर्मचारी खंबीरपणे आणि हसतमुखानं वागली. आदर्श वृत्ती.

म्हणजे ती त्याच्या मागे उभी होती. मग तो?

माझा केकचा तुकडा तसाच ठेवला. अर्नुल्फ माझ्याकडे बघेना.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

नव्या मुलींना आता मीच शिकवायचं, सिलिये म्हणाली. हो म्हटलं. नाही कशी म्हणणार!

मंगळवार, १८ फेब्रुवारी

तो आला होता. डोळा दाखवून परत निघालेला. या वेळी तासभर आधीच पोहोचला. पट्टी निघालीय.

ओड्नी त्याच संध्याकाळी गेली. शेवटपर्यंत दाराकडे बघत होती म्हणे.

त्यानं कागदात बांधलेले सुके मासे काउंटरवर ठेवले. "त्या दिवशी किती मायेनं बोललीस, पोरी."

खरं सांगायला तोंड उघडलं. हसूच आलं.